दानपेटीतून अक्षयनिधीकडे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला सांगितले, दान पारमितेवर बोला. आम्ही काही पंडित नाही. आमचे शिक्षण गिरणीच्या पाळ्या सांभाळून, वाचनालयातून पुस्तके आणून जेवढे झाले तेवढेच. तेव्हा पारमितेचा अर्थ भन्तेजी सांगतील, आम्ही पैशाचे बोलणार आहोत. दानाचा पैसा येतो कुठून, जातो कुठे आणि टिकतो कसा, एवढाच आमचा विषय. विहारात पैशाची भाषा कशाला, असे कुणाच्या मनात येईल. पण आज ती बोलायलाच पाहिजे. पुढच्या महिन्यात आपली सर्वसाधारण सभा आहे आणि सभेपुढे प्रश्न आहे, की वर्धापनदिनानिमित्त जमलेली वर्गणी कशावर खर्च करायची. काही बांधवांचे म्हणणे, दारात मोठी कमान उभी करू आणि आत ग्रॅनाइट बसवू. काहींचे म्हणणे, त्यातला चांगला हिस्सा बँकेत कायमचा ठेवू आणि त्याच्या व्याजावर पोरांचे शिक्षण आणि आजारपण बघू. आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की धम्माच्या नावाखाली आपले घोडे पुढे दामटले.

बंधू-भगिनींनो, आपला समाज देणारा समाज आहे. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सोलापूरला सभेचे विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. सभा आधी आणि लगेच पोरांच्या राहण्या-जेवणाची सोय, हा क्रम ध्यानात ठेवा. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' पत्र निघाले आणि १९२९ साली बंद पडले. बाबासाहेबांच्या लेखणीत काय कमी होती? कमी होती ती पैशाची. वर्गणीदार अपुरे, त्यातही थकबाकी. एवढ्या मोठ्या माणसाचे पत्र पैशाअभावी बंद पडते, ही गोष्ट प्रत्येक विहाराच्या खजिनदाराने उशाशी ठेवावी अशी आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी जे भाषण केले त्यात त्यांनी पैशाचाही विषय काढला. धम्माचे काम करायचे तर पैसा लागणार, आणि त्यासाठी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग द्यायचा निश्चय करावा, असे त्यांनी सांगितले. दीक्षेला एक दिवस झाला होता! आज बावीस प्रतिज्ञा आपल्या पोराबाळांना पाठ आहेत, फार चांगली गोष्ट आहे. पण विसाव्या भागाची आठवण कितीजणांना आहे? महिन्याला वीस हजार मिळवणाऱ्याचा विसावा भाग हजार रुपये होतो. आम्ही हजार मागायला आलो नाही, घाबरू नका. किती मागायला आलो ते पुढे सांगतो.

आपण देतो, पण कसे देतो ते पाहा. चाळीत मयत झाले की तासाभरात कुणीतरी वही घेऊन दारोदार फिरतो आणि सामानाचे पैसे उभे राहतात. जयंती आली की पावती पुस्तके निघतात. कुणाच्या पोराचे ऑपरेशन निघाले की मोबाईलवर निरोप फिरतो. म्हणजे प्रसंग आला की आपण देतो. या देण्याला आम्ही नमस्कार करतो, कारण याच्यावरच आपल्या वस्त्या जगल्या. पण या पद्धतीत एक मोठी खोट आहे. एका घरावर संकट आले तर बाकीची शंभर घरे देतात. संकट शंभरही घरांवर एकदम आले तर द्यायचे कुणी?

हे काल्पनिक नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तेव्हा आम्ही शाळकरी होतो, वडील संपात. एका मजल्यावर जेवढी बिऱ्हाडे, तेवढे पगार बंद. कोण कुणाला देणार? बायांनी मंगळसूत्राचे मणी विकले, पोरांच्या शाळा सुटल्या, माणसे गावाला गेली. शेजाऱ्याची माया आटली नव्हती, शेजाऱ्याचा डबाच रिकामा होता. तेच २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीला झाले. रिक्षावाला, घरकामाची बाई, नाक्यावरचा बिगारी, सगळ्यांची कमाई एकाच रात्रीत थांबली. ज्यांच्याकडे आधी साठवून ठेवलेले काही होते त्या मंडळांनी दुसऱ्या दिवशी शिधा वाटला. ज्यांच्याकडे नव्हते ते पाहुण्यांच्या ट्रकची वाट पाहत बसले. विहीर तहान लागायच्या आधी खणायची असते, ही म्हण आपल्या आजीला माहीत होती.

आता तुम्ही म्हणाल, साठवून ठेवणे हे सावकाराचे काम, ते विहाराला शोभते का? याचे उत्तर आम्ही देत नाही. याचे उत्तर नाशिकच्या डोंगरात दगडावर कोरलेले आहे.

नाशिकजवळच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. ती बौद्ध लेणी आहेत आणि त्या डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्खूसंघाला लेणे दिले आणि त्याबरोबर ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिली. ही नाणी त्याने भिक्खूंच्या हातात दिली नाहीत. जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती ठेव म्हणून ठेवली. श्रेणी म्हणजे त्या काळची कारागिरांची पंचायत, सोसायटी म्हणा. एका श्रेणीकडे २०००, दरमहा दरशेकडा एक कार्षापण व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा पाऊण टक्क्याने. आणि अट अशी, की मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. या ठेवीला लेखात नाव दिले आहे 'अक्षयनीवी'. अक्षय म्हणजे न संपणारी, नीवी म्हणजे मुद्दल.

हिशोब करून बघा. २००० वर महिना एक टक्का म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात लिहिले आहे, की लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस! पै इकडे नाही, पै तिकडे नाही. आम्ही हा हिशोब पहिल्यांदा जुळवून पाहिला तेव्हा त्या अनोळखी कारकुनाला मनातल्या मनात जय भीम केला. दुसऱ्या १००० चे वर्षाचे ९० होतात, ते भिक्खूंच्या किरकोळ खर्चासाठी ठेवले होते.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे आणि आमच्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. हे सगळे दान निगमसभेत, म्हणजे गावाच्या भरसभेत, वाचून दाखवले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले, असे त्यात लिहिले आहे. दाता राजाचा जावई. त्याला विचारणारे कोण होते? तरीसुद्धा सभेत वाचले, फळ्यावर लिहिले. आपल्याकडे खजिनदाराला हिशोब विचारला तर त्याला राग येतो, 'माझ्यावर विश्वास नाही का' म्हणतो. अहो, विश्वास आहे म्हणूनच सभेत वाचायचे. वाचलेला हिशोब खजिनदाराचे रक्षण करतो.

कुणी म्हणेल, ते राजेरजवाडे, त्यांचे काय. तर त्याच लेण्यात पुढे तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातला आणखी एक लेख आहे. त्यातली दाती विष्णुदत्ता नावाची उपासिका. तिने कुंभारांच्या, तेल्यांच्या आणि पाण्याची यंत्रे करणाऱ्या कारागिरांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले. कशासाठी? विहारात राहणाऱ्या आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी. महिला मंडळाच्या भगिनींनो, ऐकताय ना? सतराशे वर्षांपूर्वी एका बाईने आजारपणाचा फंड काढला आणि तो कुंभार-तेल्यांच्या भरवशावर ठेवला.

आणि ज्यांच्याकडे हजार कार्षापण नव्हते त्यांचे काय? त्यांनी कार्ल्याला जाऊन यावे. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत, एकेकाने एकेक खांब दिलेला. दरवाजाच्या कामापाशी धेनुकाकट गावच्या एका सुताराचे नाव आहे, एका गंध विकणाऱ्याचे नाव आहे. कान्हेरीला कल्याणच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले. तुम्ही आम्ही ज्या लेण्यांपुढे उभे राहून फोटो काढतो, ती अशी खांबाखांबाने, टाक्याटाक्याने उभी राहिली. आपल्या विहाराच्या भिंतीवर आत शिरताना डाव्या हाताला देणगीदारांची यादी आहे. त्यात अकरा रुपयेवाले आहेत, एक पोते सिमेंटवाले आहेत, 'एक दिवसाची हजेरी' असे लिहिलेले आहेत. ती यादी कार्ल्याच्या खांबाचीच धाकटी बहीण आहे. कृपा करून ग्रॅनाइट बसवताना ती झाकू नका.

विणकरांची गोष्ट निघाली म्हणून एक सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाईच्या खात्यात, म्हणजे साच्यावर, घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याला चालत नसे. विणाईत पगार जास्त, म्हणून ते खाते बंद. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. एकीकडे त्रिरश्मीच्या पायथ्याला विणकरांच्या श्रेणीवर संघाचे मुद्दल विसंबून होते, आणि त्याच महाराष्ट्रात पुढे विणकाम करायलाच आमच्या माणसाला बंदी. मधल्या काळात काय बुडाले ते यावरून कळते. मुद्दल बुडाले ते बुडालेच, पण एकमेकांवर भरवसा ठेवणारी सभाही बुडाली. ती सभा परत उभी करायचे काम बाबासाहेबांनी आपल्याकडे दिले आहे.

ही पद्धत फक्त जुन्या काळाची आहे असे नाही. अमेरिकेत क्लीव्हलँड नावाचे कारखान्यांचे शहर आहे. तिथे १९१४ साली फ्रेडरिक गॉफ नावाच्या एका बँकेच्या प्रमुखाने शहराचा म्हणून एक निधी काढला. त्याच्या डोळ्यांपुढे अडचण अशी होती, की श्रीमंत माणसे मरताना पैसा ठेवून जात, पण अशा अटी घालून की पन्नास वर्षांनी त्या अटींना अर्थ उरत नसे. सेंट लुईस शहराचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे १८५१ साली वारलेल्या एका माजी महापौराने पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या वाटसरूंच्या मदतीसाठी आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा ठेवला. पुढे आगगाडी आली, बैल-घोड्यांच्या गाड्यांतून जाणारे वाटसरू संपले, पैसा मात्र त्याच अटीत अडकून पडला. गॉफने तोड काढली ती अशी. सगळ्यांचे दान एका ठिकाणी ठेवायचे, मुद्दल सांभाळायचे, आणि त्याचे उत्पन्न त्या त्या वेळी गावाला कशाची गरज आहे हे पाहून गावातल्याच माणसांच्या समितीने वाटायचे. आज जगभर असे गावोगावचे, शहरोशहरचे निधी आहेत. आमच्या दृष्टीने ही अक्षयनीवीच आहे, फक्त एक शहाणपण जास्तीचे. पैसा कशावर खर्चायचा हे मेलेल्या माणसाने कायमचे ठरवू नये, जिवंत सभेने दरवर्षी ठरवावे.

मित्रहो, आपल्याकडेही अटी घालणारे दाते येतात. निवडणूक जवळ आली की भावी नगरसेवक येतात. म्हणतात, कमान आम्ही देतो, फक्त वर आमचे नाव मोठ्या अक्षरात. सिलिंग फॅन देतात, पात्यावर नाव. पोराच्या फीला पैसे द्या म्हटले तर गप्प बसतात, कारण फीच्या पावतीवर नाव रंगवता येत नाही. कमान गल्लीतून जाणाऱ्याला दिसते. एखादे पोर बारावीला थांबले नाही, पुढे गेले, हे गल्लीतून जाणाऱ्याला दिसत नाही. म्हणून कमानीला पैसा पटकन जमतो. जे दिसत नाही त्याच्यासाठी आपणच, या वस्तीनेच पैसा ठेवायचा असतो.

आता मुद्द्यावर येतो. आमचे म्हणणे असे, की विहाराचा एक अक्षयनिधी असावा. त्यासाठी दर घरामागे महिन्याला शंभर रुपये. समजा दीडशे घरांनी दिले, तर महिन्याला पंधरा हजार, वर्षाला एक लाख ऐंशी हजार होतात. यातले अर्धे, नव्वद हजार, विहाराच्या चालू खर्चाला. लाइट बिल, डागडुजी, वर्षावास, ग्रंथवाचन, भन्तेजींचे भोजनदान. उरलेले नव्वद हजार मुद्दलात. पाच वर्षांत साडेचार लाख. वर्षाला सहा टक्के धरले तरी व्याज सत्तावीस हजार. त्यातला चौथा हिस्सा, सहा हजार सातशे पन्नास, परत मुद्दलात टाकायचा, कारण महागाई मुद्दल आतून कुरतडते. राहिले वीस हजार अडीचशे. यात वर्धापनदिनाच्या वर्गणीचा हिस्सा पडला तर आकडा आणखी वाढेल.

वीस हजारांत काय होते, असे विचाराल. पुष्कळ होते, डोके वापरले तर. आपल्या पोरांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पण कॉलेजची फी आणि पुस्तके लागतात जून-जुलैत आणि शिष्यवृत्ती खात्यावर पडते कितीतरी महिन्यांनी. या मधल्या महिन्यांत घरातली बाई बचत गटाकडून, नाहीतर सावकाराकडून पैसे उचलते, आणि जिथे तेही जमत नाही तिथे पोरगे कामाला लागते ते परत वर्गात जात नाही. इथे विहाराने पाच हजार हातउसने, बिनव्याजी द्यावेत. शिष्यवृत्ती आली की परत. तेच पाच हजार पुढच्या जूनला दुसऱ्या पोराला. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी काढला तो असाच कर्जाऊ शिष्यवृत्तीचा होता. घेणारा परत करतो, त्याचा मान राहतो, आणि पैसा फिरत राहतो. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. एका विद्यार्थ्याला वेळेवर मिळालेल्या पैशाने काय होते, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

दुसरे आजारपण. मोठ्या ऑपरेशनचा खर्च आपला निधी करू शकणार नाही आणि करूही नये, कारण त्याची सोय कायद्यात आहे. महाराष्ट्रात धर्मादाय संस्थांची जी रुग्णालये आहेत, त्यांच्यावर कलम ४१ कक नुसार आणि उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेनुसार बंधन आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीच्या दराने. त्यासाठी रुग्णांच्या बिलांतून २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. पण आपला माणूस रेशनकार्ड नि उत्पन्नाचा दाखला न घेता जातो, काउंटरवरच्या माणसाने हात हलवला की परत येतो आणि दागिने मोडतो. इथे विहाराच्या निधीतून लागते ते टॅक्सीभाडे, दाखल्यांचा खर्च, बरोबर बसणाऱ्याचा जेवणाचा डबा, आणि वाचता-लिहिता येणारा एक कार्यकर्ता. पाचशे रुपयांच्या खर्चाने पन्नास हजारांचे कर्ज टळते. जिथे सरकारवर आपला हक्क आहे तिथे विहाराचा पैसा ओतायचा नाही, तो हक्क मिळवण्यासाठी वापरायचा.

आता हा पैसा सांभाळायचा कसा. यासाठी १९५० पासून कायदा आहे. तेव्हा त्याचे नाव मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. कलम ३५ प्रमाणे ट्रस्टचा पैसा अधिकृत बँकेत, पोस्टात, सरकारी रोख्यांत असाच ठेवायचा असतो, कुणाच्या धंद्यात लावता येत नाही. स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा असतो. ऑफिसात त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. हा कागद कंटाळवाणा वाटतो म्हणून कितीतरी विहारांत तो दिलेलाच नसतो. मग दप्तरी वारलेल्या माणसांची नावे विश्वस्त म्हणून राहतात, बँक सही मानत नाही, दोन गट कोर्टात उभे राहतात, आणि दानाचा पैसा वकिलाकडे जातो. देणाऱ्या म्हातारीने पेटीत टाकलेली दहाची नोट त्यासाठी नव्हती.

कायद्याच्या वर आमच्या चार सूचना आहेत. एक, दानपेटीला दोन कुलपे, एक किल्ली समितीकडे, दुसरी महिला मंडळाकडे. पेटी पौर्णिमेला वंदनेनंतर सर्वांसमोर उघडायची आणि रक्कम तिथल्या तिथे फळ्यावर लिहायची. दोन, भिंतीवर जो क्यूआर कोड लावायचा तो विहाराच्या खात्याचाच असला पाहिजे, कुणाच्या स्वतःच्या नंबरचा नाही. तीन, देणाऱ्याचे नाव भिंतीवर, पण घेणाऱ्याचे नाव वहीत बंद. सभेत एवढेच वाचायचे, की या वर्षी इतक्या विद्यार्थ्यांना इतके दिले. मदत घेतली म्हणून कुणाच्या मुलीला लग्नात टोमणा ऐकावा लागला तर ते दान आपण नासवले. चार, मदत देताना गट बघायचा नाही. आपले किती गट आहेत हे सांगायला नको. पोराच्या फीला गट नसतो.

विरोधाचे दोन मुद्दे राहतात, ते टाळून आम्ही खाली बसणार नाही. पहिला, आमचे हातावर पोट आहे, शंभर कुठून आणू. ज्याला खरोखर शक्य नाही त्याने दहा द्यावे, तेही नसतील तर रविवारी विहार झाडावा, त्याचे नाव त्याच वहीत लिहू. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला त्यात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक स्वतःच्या वापराला, दोन कामधंद्यात, आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून. घराला जे लागू आहे ते वस्तीलाही लागू आहे.

दुसरा मुद्दा तरुण पोरांचा. म्हणतात, काका, तुम्ही जयंतीच्या विरोधात बोलता. अजिबात नाही. जयंती थाटातच झाली पाहिजे. वर्षातून एक दिवस आपला समाज ताठ मानेने रस्त्यावर येतो, ते आमच्या बापजाद्यांना मिळाले नव्हते. आमचे मागणे एवढेच, की जयंतीच्या वर्गणीच्या प्रत्येक शंभरातले दहा अक्षयनिधीत टाका. एका रात्रीच्या आवाजाचा दहावा हिस्सा. बाबासाहेबांच्या नावाने जमलेला तेवढा पैसा एखाद्या पोराच्या वह्यांत गेला, तर मिरवणुकीत त्या पोराचा आवाज तुमच्या स्पीकरपेक्षा मोठा निघेल.

कमान व्हावी, आम्हालाही आवडेल. पण निधी आधी, कमान नंतर. उलट क्रमाने गेलो तर कमान होईल आणि निधी कधीच होणार नाही, कारण कमानीनंतर रंग येतो, रंगानंतर लाइट येतात. सर्वसाधारण सभेला आम्ही असा ठराव मांडणार आहोत, की वर्धापनदिनाच्या जमा रकमेतली निम्मी रक्कम ट्रस्टच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावी, तिचे मुद्दल कुठल्याही समितीला मोडता येऊ नये, आणि व्याजाचा विनियोग दरवर्षी सभेने ठरवावा. ठरावाला विरोध करायचा असेल तरी या. पण घरी बसून राहू नका. निगमसभेत माणसे आली नसती तर तो कारकून हिशोब कुणाला वाचून दाखवणार होता?



नमो बुद्धाय! जय भीम!